बारा दिवसांची वेचणी

बद्रीनाथ सरळ लेकीच्या ट्रंकेवर जाऊन बसला. आता ट्रंक उघडायची म्हणजे आधी बापाला उठवायचं.

दिवाळीची सुट्टी संपली होती. सकाळच्या गाडीनं नंदाला अंबडच्या वसतिगृहात परत जायचं होतं. पण दुष्काळ सरल्यावर पहिल्यांदाच कापूस असा फुटला होता, आणि ज्याचं त्याचं रान पांढरं झाल्यामुळं वेचायला बाया मिळत नव्हत्या.

"पंचाहत्तर टक्के हजेरी लागती, दादा. न्हाईतर परीक्षेला बसू देत न्हाईत," नंदा बापाला म्हणाली.

"मंग पाव हिस्सा घरचाच की!"

"तो निंदणीत संपला."

बद्रीनाथनं मान खाजवली. मग त्याला युक्ती सुचली.

"हुशार हायेस ना? सांग मंग. तुझ्या मायला एकटीला वेचायला वीस दिस लागतात. तुला एकटीला तीस. दोघी मिळून?"

"बारा," नंदा म्हणाली. गणित कानावर पडलं की तिला दम निघत नसे. अख्ख्या वर्गाच्या आधी तिचं उत्तर यायचं. आजही आलं, आणि तिनं जीभ चावली.

"बारा! आन् एकटीनं वीस. तवर निम्मा कापूस मातीत. आता तूच सांग."

तिच्याच उत्तरानं तिला दावणीला बांधलं होतं. एकदा नाव कटलं की पुन्हा कुणी शाळेत धाडणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला रडू फुटलं.

चुलीपुढं तिची माय द्वारकाबाई बोंडांनी चिरलेल्या बोटांना तेल लावत होती.

"मी एकटी वेचते बारा दिसांत," ती म्हणाली.

"तू?" बद्रीनाथ हसला. "नंदे, होतं का हे बराबर? हिशोब करून सांग, रोजचं किती जास्ती राबावं लागंल हिला?"

नंदानं डोळे पुसले. माय शेतात नऊ तास वाकलेली असते. वीस दिवसांचं काम बारा दिवसांत, म्हणजे रोज पंधरा तास, सहा जास्तीचे. पाणी, दळण, भाकरी वेगळीच. मग ती निजणार कधी? उत्तर लख्ख समोर उभं होतं. या वेळी मात्र तिनं ते ओठांवर येऊ दिलं नाही.

"दोनेक तास," ती म्हणाली.

"हात्तिच्या!" बद्रीनाथ ट्रंकेवरून उठला आणि बैलांना वैरण टाकायला बाहेर गेला.

द्वारकाबाईनं तेलाची वाटी बाजूला सारली. तिचा चेहरा खुलला होता.

"दोनच व्हय? मला वाटलं, लई लागतील."

नंदानं ट्रंक उघडली आणि खाली मान घालून कपडे भरू लागली.