तीन शब्दांची तार

श्रीपेरुंबुदूरच्या मानवी बॉम्बच्या स्फोटाला चार दिवस झाले होते, आणि मी सासऱ्यांना मद्रासच्या विमानतळावर घेऊन गेले ते छातीवर डबी आणि डबीतून कानापर्यंत वायर अशा थाटात. ते त्यांचं ऐकायचं यंत्र. आठ वर्षं बंडीच्या खिशात बघून बघून आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पोलिसांच्या लगेच आलं.

दोघांनी त्यांना बाजूला घेतलं. बाकीचे प्रवासी दहा पावलं मागे सरकले. मामंजी म्हणजे वेंकोबा, वय पंचाहत्तर, तंजावरचे, तारखात्यातून निवृत्त. त्यांनी शांतपणे हात वर केले आणि विचारलं, "सदरा पण काढूं काय?" तोही काढायला लावला.

सेल काढून देतो म्हटलं तरी पोलीस ऐकेनात. यंत्र ठेवून घेतलं आणि पावती दिली, परत येताना न्या म्हणून. मी साताऱ्याची, मद्रासमध्ये एग्मोरच्या बँकेत काउंटरवर बसते, भांडणाला मी कधी नाही म्हणत नाही. पण त्या पोलिसाचे डोळे सुजले होते, चार दिवस झोपला नसावा. मी पावती मामंजींच्या हातात दिली. नवरा बरोबर असता तर बरं झालं असतं, पण आवडी गावच्या रणगाड्यांच्या कारखान्यात सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या होत्या.

निघालो होतो पुण्याला. मामंजींची थोरली बहीण राजसबाई, त्यांची अक्का, इस्पितळात होती. भाच्याची तार आली होती: "मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली." आता, माणूस गेलं असलं तरी तारेत "सीरियस"च लिहायचं, म्हणजे येणारा निदान आशेवर येतो, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं ते तारा पाठवण्यात जन्म घालवलेल्या आमच्या मामंजींना. अडुसष्ट साली त्यांची आई गेली, तेव्हा त्यांनी अक्काला खरं तेच कळवलं: "मदर एक्स्पायर्ड." अक्का पुण्याहून तंजावरपर्यंत दोन दिवस गाडीत एकटी रडत आली. उतरल्यावर म्हणाली, "खोटं लिहायला तुझं काय जात होतं?" त्यानंतर तेवीस वर्षं ती त्यांच्याशी बोलली नाही.

विमानात सगळे एकमेकांच्या पिशव्यांकडे बघत होते. हवाईसुंदरी विचारेल त्याला मामंजी "वेंडाम" म्हणत, म्हणजे नको. पट्टा बांधायलाही वेंडाम. मध्येच ते सगळ्या विमानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "सुनंदा, अक्का असली तर बोलेल. पण मला ऐकूं यायचं नाही." मला रडू आलं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

अक्का होती. भावाला बघून उठून बसली आणि चांगली पाच मिनिटं बोलली, तंजावरच्या जुन्या मराठीत, जी मला निम्मीच कळते. कळलं ते असं: विमानानं आलास, किती वाळलास, जेवलास का; आणि ती तार मी मरेपर्यंत विसरायची नाही. मामंजी तिचा हात धरून दर वाक्याला मान डोलवत होते. "होय अक्का, होय अक्का." तारेच्या वाक्यालाही होय अक्का.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

इस्पितळाच्या बाकावर मामंजींनी विमानतळावरची पावती खिशातून काढली, उलटी केली आणि पेन माझ्या हातात दिलं. "लिही. काय म्हणाली अक्का?"

मी लिहिलं: तुम्हाला माफ केलं.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. मग जुन्या सवयीनं बोट ठेवून शब्द मोजले.

"तीन," ते म्हणाले. "अक्का पांच मिनिटं बोलत होती."

मी पेनाचं टोपण लावत राहिले.

"परवाइल्ले," ते म्हणाले, म्हणजे असू दे. "बरं केलीस. मला तेव्हां हें सुचलं नाही." आणि पावतीची घडी करून त्यांनी ती यंत्राच्या रिकाम्या खिशात ठेवली.

मद्रासला उतरल्यावर तोच पोलीस भेटला. त्यानं आम्हाला ओळखलं, यंत्र समोर ठेवलं आणि पावतीसाठी हात पुढे केला. मामंजींनी खिशावर हात ठेवला.

"हरवली," ते म्हणाले.

पावतीशिवाय यंत्र मिळत नव्हतं. आम्ही टॅक्सी केली आणि घरी आलो.