एक्केचाळीसला पास

शिवणकाकूंच्या नवऱ्यानं जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि जन्मभर एकाच आकड्याची राखण केली. पस्तीस. पस्तीस मिळाले की पोरगं पास, चौतीस मिळाले की पुन्हा त्याच बाकावर. पालक येऊन रडले, मुख्याध्यापकांनी शब्द टाकला, खुद्द सासऱ्यांनी भाच्यासाठी गळ घातली, पण मास्तरांनी कधी कुणाला एक गुण वाढवून दिला नाही. मुलं त्यांना मागून चौतीसमास्तर म्हणायची. कोपऱ्यावरचा गवंडी आता आजोबा झालाय, तरी मास्तर दिसले की अजून रस्ता ओलांडून पलीकडे जातो.

अशा माणसाच्या बायकोला अंडाशयाचा कॅन्सर व्हावा, त्या आजाराच्या रक्ततपासणीची रेघ नेमकी पस्तीसवर असावी, आणि तीही उलटी, याला काय म्हणावं? तपासणीचं नाव सीए एकशे पंचवीस. पस्तीसच्या खाली असलं तर बरं, वर गेलं तर काळजी. डॉक्टरीणबाईंनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मास्तरांनी दोनदा खात्री करून घेतली की खाली म्हणजेच पास ना. तत्त्वाचा प्रश्न होता.

काकूंचं ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले आणि परत आले, तेही कुरळे. औषधं चालू होती तोवर त्या आकड्याचं कौतुक होतं. शेकड्यांत असलेला आकडा धडाधड उतरत गेला आणि औषध लागू पडतंय हे सगळ्यांना दिसलं. मग औषधं संपली, पण आकडा काही घरातून जाईना. पाहुणा जावा आणि त्याची ट्रंक राहावी तसा तो राहिला. दर थोड्या आठवड्यांनी तपासणी, आणि मधले सगळे दिवस मास्तरांचं एकच पालुपद: "रिपोर्ट येऊ दे, मग बघू." भिंतींना रंग? रिपोर्ट येऊ दे. मुलीकडे जायचं? रिपोर्ट येऊ दे. सोफ्याचा एक पाय मोडला होता, त्याखाली बीजगणिताचं पुस्तक सरकवलेलं होतं. त्या पायाचा आणि माझ्या रक्ताचा काय संबंध, असं काकूंनी एकदा विचारलं. मास्तर म्हणाले, संबंध नाही, पण रिपोर्ट येऊ दे.

त्यातच नाटक मंडळींचा मॅनेजर घरी आला. नवं नाटक दरबारी होतं. एक राजा, दोन राण्या, सरदार, शिपाई, आणि तिसऱ्या अंकात मरणारा एक प्रधान. सगळ्यांचे कपडे काकूंनी शिवावेत असं त्याचं म्हणणं होतं, आणि शनिवारपर्यंत हो की नाही ते कळायला हवं होतं. काकूंच्या तोंडाला पाणी सुटलं. औषधांनी बोटांची टोकं अशी बधिर झाली होती की सुई टोचलेली कळायची नाही, अस्तरावर लाल ठिपका दिसला की समजायचं. आता कुठे बोटं जागी होत होती. परत औषधं सुरू झाली तर ती पुन्हा झोपणार. राजाचा अंगरखा आपल्या हातून होईल की नाही, हे त्यांना कळायला हवं होतं. आणि त्याच्या मागे उभा असलेला दुसरा प्रश्न त्या कुणापुढे काढत नव्हत्या. कॅन्सर परत आला असेल का?

दवाखान्याच्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट दोन दिवसांनी मिळतो. मास्तरांना तेवढा धीर कुठला. कोपऱ्यावर नवी प्रयोगशाळा उघडली होती, ती संध्याकाळीच रिपोर्ट देते म्हणून ते काकूंना तिथे घेऊन गेले. संध्याकाळी रिपोर्ट आला. मागच्या वेळी एकवीस होता, आता एक्केचाळीस.

मास्तर मोडक्या सोफ्यावर बसले आणि उठायचं विसरले. काकूंनी मशीनवर झाकण घातलं. आपल्याला भीती वाटतेय हे त्यांना लख्ख कळत होतं.

नेमका तेव्हा वन्संचा फोन आला. वन्सं म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहणारी. कानांनी अधू, पण कानात यंत्र घालणं म्हणजे म्हातारपण मान्य करणं, म्हणून ते कपाटात. वहिनीचं दुखणं ऑपरेशनबरोबर संपलं अशी वन्संची समजूत होती आणि कुणी ती मोडली नव्हती. दादाचा आवाज असा का, त्यांनी विचारलं. मास्तर आयुष्यात खोटं बोलले नव्हते. ते म्हणाले, हिचं सीए एकशे पंचवीस होतं, एक्केचाळीस आले, आणि रेघ पस्तीसची. त्यांनी फोन ठेवला.

वन्संनी हिशेब केला. सीएची परीक्षा. एकशे पंचवीसपैकी एक्केचाळीस. पस्तीसला पास. आणि दादाचा गळा आनंदानं दाटून आलाय. रात्रीत वन्संनी ही बातमी गल्लीभर केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पहिला हजर झाला तो किराणावाला, हातात केक. या वयात सीए म्हणजे कमाल आहे काकू, असं म्हणून त्यानं हात जोडले, आणि मग आवाज उतरवून विचारलं की त्याला कराची एक नोटीस आलीय, जरा नजर टाकाल का. मागोमाग समोरच्या माडीवरची बाई आली. तिचा मुलगा त्या परीक्षेत तीनदा आपटला होता, त्याला काकूंनी चार शब्द सांगावेत असं तिचं म्हणणं. कोपऱ्यावरचा गवंडीसुद्धा आला, रस्ता न ओलांडता. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, मास्तरांच्या घरात कुणीतरी पास झालं हे बघायला आलो.

काकूंना आधी काही उमगेना. उमगलं तेव्हा त्यांनी पदर तोंडात कोंबला. पण किराणावाला नोटीस उलगडायला लागला तशी त्यांची कळी अशी खुलली की टाक्यांची जुनी जागा दुखेपर्यंत त्या हसल्या. पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढून. आपण किती महिन्यांत असं हसलो नव्हतो हे हसता हसताच लक्षात आलं आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटलं. मास्तर मात्र केककडे असे बघत होते जणू तो कॉपी करताना सापडलाय.

मग गुपचूप दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या. रिपोर्ट हातात घेतल्या घेतल्या त्यांनी वरचं नाव वाचलं आणि विचारलं, ही कुठली प्रयोगशाळा? मास्तरांनी मान खाली घातली. दर ठिकाणची तपासायची पद्धत आणि रसायनं वेगळी असतात, त्या म्हणाल्या. तेच रक्त दोन ठिकाणी दिलं तर दोन आकडे येऊ शकतात. तिथला एक्केचाळीस आणि इथला एकवीस शेजारी ठेवून काही ठरवता येत नाही. शिवाय हा आकडा फक्त कॅन्सरनंच वाढतो असंही नाही, पोटात किंवा छातीत सूज असली, दुसरं काही दुखणं असलं तरी वाढतो. पुन्हा इथेच तपासू.

काकूंना ते चटकन पटलं. शिवणाची टेप वर्षानुवर्षं वापरून सैल पडते. एकीनं छाती मोजायची आणि दुसरीनं कंबर, तर सदरा माणसाला होत नाही, खुर्चीला होतो.

मास्तरांना पटलं नव्हतं. ते खुर्चीत पुढे सरकले, चष्मा काढला, आणि ज्या आवाजात लोक जन्मभर त्यांच्याशी बोलत आले होते त्या आवाजात म्हणाले, "बाई, पाच-सहा गुणांचाच प्रश्न आहे. तेवढे सोडता नाही का येणार?"

काकूंनी मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. सख्ख्या सासऱ्यापुढे न वाकलेला हा माणूस.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "हे गुण नाहीत, मास्तर. यात पास नाही आणि नापास नाही."

दोन दिवसांनी दवाखान्याचा रिपोर्ट आला. अठ्ठावीस. मास्तरांनी टेबलावर थाप मारली, पस्तीसच्या आत. पण काकूंना मागचे आकडे तोंडपाठ होते. सतरा, एकवीस, अठ्ठावीस. एकाच टेपचे. त्यांनी सरळ विचारलं, चढतोय ना?

चढतोय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी काही लपवलं नाही. कदाचित तसाच डुलत राहील, कदाचित आजार आत कूस बदलत असेल. पोट तपासून झालं होतं, तिथे काही हाताला लागत नव्हतं. स्कॅन करून बघू, पण नुसता आकडा बघून त्या औषध सुरू करणार नव्हत्या. तब्येत ठीक असताना केवळ आकड्यामागे धावून लवकर औषध दिलं तर आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही, त्रास मात्र लवकर सुरू होतो. पोट फुगायला लागलं, दोन घासांत भरलं, दुखलं, लघवीला सारखं जावं लागलं, तर तपासणीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी यायचं. आणि तपासणी किती वेळा करायची हे काकूंनीही ठरवायचं होतं. काही बायका तक्रार असेल तेव्हाच करून घेतात.

"माझ्याकडे एक राजा शिवायला आलाय," काकू म्हणाल्या. "आणि एक प्रधान. घेऊ का?"

"घ्या की."

स्कॅनमध्ये काही दिसलं नाही. 'आत्ता तरी' हे दोन शब्द डॉक्टरीणबाईंनी त्याला जोडले आणि काकूंनी ते तसेच घेतले. पुढची तपासणी नाटकाचा पहिला प्रयोग झाल्यावर, हे त्यांनी परस्पर सांगून टाकलं.

वन्संना खरं सांगायचं काम काकूंनीच अंगावर घेतलं. पुष्कळ ओरडावं लागलं, त्यामुळे एकाच वेळी ते सगळ्या गल्लीला कळलं. वन्संचा चेहरा पडला. काकूंचा हात धरून, नाक पुसून त्या म्हणाल्या, "म्हणजे पस्तीसच्या वर जायचं नाही, होय ना? मग पेपर दादाकडे दे तपासायला. तो कुणालाच जाऊ देत नाही." आणि घरी जाऊन त्यांनी कपाटातलं यंत्र काढून कानात घातलं.

शनिवारी मॅनेजरला होकार गेला. घरभर कापड पसरलं. सोफ्याला सुताराकडून नवा पाय लागला, बीजगणित मोकळं झालं. राजाचं काम करणारा नट गावाला गेला होता, अंगानं तो साधारण मास्तरांएवढा, म्हणून काकूंनी मास्तरांनाच मधोमध उभं केलं. हात वर करा म्हणाल्या. मास्तरांनी केले. त्यांची मापं काकूंना लग्नापासून पाठ होती. तरी कापड कापण्याआधी एकदा टेप लावून बघायची होती.

टेप कमरेला गुंडाळली आणि त्या थांबल्या. सैल करून पुन्हा लावली. अंगठा टेपवर ठेवून तशाच उभ्या राहिल्या. माझे आकडे चढतात का हे बघता बघता हा माणूस केव्हा इतका उतरला? ताटात टाकलेलं अन्न दिसत होतं, पट्ट्याचं नवं भोक दिसत होतं, तरी आपण बघितलं नाही.

"किती भरली?" हात वर धरूनच मास्तरांनी विचारलं.

काकूंनी टेप काढून गळ्यात टाकली. त्यांनी खडू शोधल्यासारखं केलं.

"सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "एका आकड्यावरून काही ठरत नाही. थोड्या दिवसांनी याच टेपनं परत बघू. तोवर नीट जेवायचं."

मास्तर हात वर करून तसेच उभे राहिले.