ऑइलचा लाल दिवा

तुम्ही एका विधवेच्या गप्प बसण्याला कबुली समजलात. तसं कागदावर लिहिलंत, शिक्का मारलात, फाईल बांधून टाकलीत. 'चालकाने ऑइलच्या लाल दिव्याकडे दुर्लक्ष केले. पत्नीस विचारले असता तिने उत्तर दिले नाही.' नवरा गेला की सासरची माणसं जीभ मोकळी करतील तोवर बाईनं हातांनीच बोलायचं असतं, हे त्या लाल मातीतलं शेंबडं पोरही सांगेल. तुमचा टोपीवाला साहेब नवव्या दिवशी सुतकाच्या छावणीत आला. त्या विधवेनं, लोर्ना नंगालानं, त्याला बोटांनी सगळं सांगितलं. ती माशा हाकलतेय असं समजून त्यानं वहीत लिहिलं, उत्तर नाही.

मेलेल्याचं नाव इथं येणार नाही. गावात ते कुणी घेत नाही. तुमच्या अहवालात ते एकोणीस वेळा आहे. साहेबानं तो मोठ्यानं वाचायला घेतला तेव्हा बाया कान झाकून, हंबरडा फोडत उठून गेल्या. त्यावर तुमचा शेरा: 'कुटुंबीय बैठक सोडून गेले. हरकत नोंदवली नाही.'

दोन उन्हाळे उलटले. मग एका बुधवारी डल्सी नुंगारायीनं, मेलेल्याच्या थोरल्या बहिणीनं, लोर्नाची जीभ मोकळी केली. शुक्रवारी सकाळी लोर्ना हत्यारांची पेटी घेऊन तिच्या दारात उभी.

"वन्सं, चला. गाडी उघडायची आहे."

डल्सीनं चहाचा डबा खाली ठेवला. "दोन वर्षं तुझं तोंड बंद होतं, काय सुख होतं गं मला! उघडलं नाही तोच हे?"

"तुम्ही नाही आलात तर एकटी जाईन."

"एकटी जाईल म्हणे. धूर कोण करणार, तुझा बाप?" असं म्हणत ती उठलीच.

गाडी जुनी, सहा सिलिंडरची डिझेल. आजारी माणसं शहरातल्या दवाखान्यात न्यायला तुमच्या ऑफिसनंच गावाला दिलेली. रस्त्यात बंद पडली तिथून ओढून आणून गावाबाहेर टाकली होती आणि त्यानंतर तिला कुणी शिवलं नव्हतं. सीट अजून त्याच्या पाठीच्या मापानं मागं कललेलं होतं. डल्सीनं ओला पाला पेटवला, चारी दारांतून धूर फिरवला आणि भावाशी बोलली, "जा रे राजा. आपल्या पाण्यापाशी जा. इथं तुझं काही राहिलं नाही."

राहिलं होतं. लोर्नाला ते रोज ऐकू यायचं. टक-टक-टक. आतून कुणी हातोडीनं लोखंड ठोकून बघतंय असं. चहाच्या डब्याचं झाकण उडायला लागलं की तोच आवाज, छपराचा पत्रा उन्हानं ताणला की तोच. सगळ्या गावाच्या गाड्या तीच दुरुस्त करायची. निघायच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्यानं तिला बोलावून तो आवाज ऐकवला होता.

"आत काहीतरी बोलतंय बघ."

"ऑइलचा दिवा लागतो का?"

"चावी फिरवली की लागतो. चालू झाली की विझतो."

"मग ठीक आहे. जा तू."

पहाटे ती उठायच्या आत तो गेला. शहर तीनशे किलोमीटर. गाडी निम्म्या वाटेवर बंद पडली. अकरा किलोमीटरवर गुरांच्या पाण्याची टाकी होती, तिकडं तो भर उन्हात चालत निघाला, आणि टाकी दोन किलोमीटरवर असताना पडला तो उठलाच नाही. 'जा तू' हे तिचं त्याच्याशी शेवटचं बोलणं. त्यावर दुसरा शब्द टाकायला तिला दोन वर्षं मुभा नव्हती.

तिनं तेलाची कांडी ओढून पाहिली. तेल काठोकाठ.

"आहे की तेल!" डल्सी म्हणाली.

"असणं वेगळं, वर पोचणं वेगळं. ऑफिसात आपल्यासाठी काय काय असतं, वन्सं, इथं पोचतं का?"

इंजिनाच्या कुशीला तेलाचा दाब ओळखणारं एक बटण असतं. दाब उतरला की तेच तारेतून लाल दिवा लावतं. लोर्नानं तार सोडवली, बटण खोललं आणि तिथं काट्याचं मीटर बसवलं. नवं डिझेल घातलं, ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडली. बटणाची तार तिनं हातात धरून ठेवली.

"चावी फिरवा, वन्सं. चालू नका करू, नुसती फिरवा."

"त्याच्या जागेवर मी बसू?"

"मला बसवत नाही."

डल्सी चढली. चावी फिरली. "लागला गं. लाल. किटलीचं चित्र आहे तो."

"काय म्हणालात?"

"लागला म्हणाले! जीभ आली आणि कान गेले का?"

लोर्नानं हातातल्या तारेकडं पाहिलं. तिचं टोक हवेत होतं, कशालाही टेकलेलं नव्हतं. तो दिवा लागायलाच नको होता.

"आता चालू करा," ती म्हणाली.

इंजिन खोकलं, काळा धूर ओकलं आणि धरलं. दिवा विझला. मीटरचा काटा चाळिसावर गेला. इंजिन तापत गेलं तसा काटा उतरायला लागला. तीस. पंधरा. पाच. आणि मग आतून, टक-टक-टक.

डल्सीनं तोंडावर हात दाबला.

"दिवा?" लोर्ना ओरडली.

"विझलाय!"

"नीट बघा!"

"विझलाय गं बाई, विझलेलाच आहे! बंद करू का? तो बोलतोय गं आत, बंद करू?"

"करा!"

लोर्ना डॅशबोर्डखाली उताणी शिरली. ऑइलच्या दिव्याची तार कापलेली होती आणि बॅटरी चार्जिंगच्या दिव्याच्या तारेला जोडलेली होती. चार्जिंगचा दिवा चावीला लागतो, इंजिन चालू झालं की विझतो. हा लाल दिवा त्याची नक्कल करत होता. तेलाचं त्याला काही ठाऊकच नव्हतं. जोडावर काळी टेप, एकसारखी, नीटनेटकी गुंडाळलेली. गावात कुणाकडं अशी टेप नसते, गावात सायकलची ट्यूब फाडून बांधतात. डॅशबोर्डच्या कप्प्यात तुमच्या ठेकेदाराचा सर्व्हिसिंगचा कागद होता, मरणाच्या तीन आठवडे आधीचा. 'ऑइलचा दिवा: तपासला, ठीक.' खाली सही.

मग तिनं इंजिनाच्या तळाचं तेलाचं चेंबर उतरवलं. ते बसवताना कुणीतरी सांधा बुजवायची लाल पेस्ट लिंपण घातल्यासारखी थापली होती. तिचे पापुद्रे सुटून तेल ओढायच्या जाळीवर बसले होते. गार तेल थोडं तरी यायचं. इंजिन तापलं की घासलेल्या बेअरिंगांतून दाब गळून जायचा. तीन बेअरिंगांचा वरचा थर झिजून आतलं तांबं दिसत होतं.

काम चार दिवस चाललं. जाळी डिझेलमध्ये धुतली. भंगारातल्या तशाच एका इंजिनाची बरी बेअरिंगं काढली. त्यांत फिरणारा ओरखडलेला क्रँकचा दांडा पॉलिश कागदाची पट्टी ओढून ओढून हातानं गुळगुळीत केला. मंगळवारी दुपारी इंजिन पुरतं तापलं तरी काटा पंचेचाळिसावरून हलला नाही. दिव्याला तिनं नवी तार ओढली. तुमचा जोड मात्र टेपसकट तसाच ठेवला.

"गेला आवाज," डल्सी म्हणाली.

"गाडीतला गेला."

डल्सी तिच्या शेजारी मातीत बसली. म्हणाली, "तू त्याला जा म्हणालीस, ते दिव्यावर भरवसा ठेवून म्हणालीस, नंगाला."

"आणि दिवा कुणाच्या भरवशावर होता, वन्सं?"

पत्र त्याच दिवशी निघालं. जोडाचा फोटो, सर्व्हिसिंगच्या कागदाची नक्कल, जाळीवरच्या पेस्टचे तुकडे, सगळं आत घातलं. चार महिने झाले. तुमच्याकडून पोच नाही, ओळ नाही, 'चालकाने दुर्लक्ष केले' हे वाक्य आहे तिथंच आहे. तेव्हा साहेब, आता गावातर्फे तुम्हाला विचारतो: ती तार कुणी जोडली? कुणाच्या सांगण्यावरून? ज्यानं 'ठीक' लिहिलं, त्यानं बटणाची तार एकदा तरी सोडवून पाहिली होती का?

उत्तर द्या.