लाल पट्टीचा थर्मास

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. माझ्या पोटाला पोचा आहे, झाकणाचा रंग उडाला आहे आणि स्वभाव संशयी आहे. हे तिसरे आधीच सांगितलेले बरे, म्हणजे मागून तक्रार नको. त्यात माझा दोषही नाही. कारखान्यात मला दोन भिंती दिल्या आणि त्यांच्यामधली सगळी हवा काढून घेतली. आतली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही आणि बाहेरची थंडी आत येऊ द्यायची नाही, एवढेच माझे शिक्षण. असे शिकवल्यावर कोणीही थोडा संशयी होणारच.

शेवटच्या टेबलावरच्या बाईने माझ्यात उकळते पाणी ओतले आणि मला गालाला लावून पाहिले. बाहेरून मी गार लागलो तेव्हा ती म्हणाली, "हा चांगला आहे." माझे ते पहिले कौतुक. लगेच शेजारच्यालाही तिने तेच म्हटले, आणि तेव्हापासून मी कौतुकावर विश्वास ठेवणे सोडले.

मला विकत घेतले ते गोदीतल्या एका क्रेनचालकाने. तो उंचावरच्या केबिनमध्ये बसून जहाजावरचा माल उचलायचा. खाली धक्क्यावर त्याचा सोबती उभा असायचा आणि हातांच्या खुणांनी त्याला सांगायचा, डावीकडे घे, थांब, आता सोड. साऱ्या गोदीत दोघांना वरचा आणि खालचा अशीच नावे पडली होती. दुपारच्या सुट्टीत वरचा आपला अर्धा चहा प्यायचा आणि मला बादलीत ठेवून दोराने खाली सोडायचा. खालचा उरलेला चहा संपवायचा आणि मला परत वर पाठवायचा. बावीस वर्षे हे असे चालले. एकदा मी शिडीवरून पडलो, तोच हा पोचा. तेव्हा वरचा धावत उतरला आणि त्याने मला कानाशी धरून हलवले. आत काही खुळखुळले नाही, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

पण गेल्या दोन महिन्यांत काहीतरी बिनसले. मी अर्धा भरलेला खाली जायचो आणि तसाच अर्धा भरलेला परत यायचो. वरच्याने विचारले, तर खालच्याने हातानेच "नको" केले. वरचा घरी येऊन चडफडायचा. "कशाचा राग आलाय कोण जाणे. तोंड उघडून सांगेल तर शपथ!" आणि खालच्याची निवृत्ती तर तोंडावर आली होती. मनातले मनातच ठेवून दोघे वेगळे झाले, तर पुन्हा कधी एकमेकांचे तोंड पाहतील असे मला वाटत नव्हते.

वरच्याची लेक कचरा वेगळा करण्याच्या केंद्रात कामाला होती. सरत्या पट्ट्यावरून काय काय येते, ते ती रोज जेवताना सांगायची. गेल्याच आठवड्यात अकरा फोटोफ्रेम आल्या होत्या, एकीचेही खोके उघडलेले नव्हते. म्हणून तिने बापाला बजावले, "काकांना द्याल ते पृथ्वीला भार होणार नाही असं द्या." बाप बिचारा बाजारात गेला आणि हिरवे पान छापलेला, बांबूचा म्हणवणारा एक मग घेऊन आला. लेकीने खोके उघडले. आत फोम निघाला, फोमात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत मग.

"बाबा, हा बांबूचा नाही. थोडी बांबूची पूड, बाकी सगळं प्लास्टिकच."

"पण पान काढलंय की त्यावर!"

"पान काय, पान कोणीही काढतं."

मला त्या मगाचा पहिल्यापासूनच संशय होता. त्याच्या अंगाला नव्या चपलेचा वास येत होता. मग लेकीने विचारले, "काकांना आवडतं तरी काय?"

"त्याला? चहा. तोही आमच्या थर्मासातला. म्हणजे, आवडायचा."

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिले आणि दोघेही गप्प झाले. दोन माणसे आपल्याकडे पाहून अशी गप्प झाली, की आपले काही खरे नसते.

दुसऱ्या दिवसापासून माझे लाड सुरू झाले. झाकणाला नवी रबरी चकती आली. चांभाराने माझा पट्टा पुन्हा शिवून दिला. वरचा मला मऊ फडक्याने पुसू लागला. जन्मात कधी न झालेली ही सेवा पाहून मी समजलो, आपल्याला घालवायचा बेत शिजतो आहे. माझी गरज संपली, आणि वर त्याला भेट म्हणायचे! मला फार वाईट वाटले. बावीस वर्षांत मी एकदाही गार चहा दिला नव्हता.

निरोपाच्या दिवशी जहाज लवकर लागले. वरच्याने पहाटे उठून स्वतः चहा केला, तो माझ्यात भरला आणि तो लेकीला म्हणाला, "मला खाली उतरायला मिळेल की नाही, सांगता येत नाही. दुपारी तूच घेऊन ये." तो गेल्यावर तिने मला जुन्या निळ्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळले आणि वरून लाल कापडाची पट्टी बांधून छान फुलासारखी गाठ मारली. ती पट्टी पाहून मी हादरलो.

मित्रांनो, आमच्या गोदीत एक कडक रीत आहे. दोर, साखळी, आकडा, काहीही जरा झिजले, की त्याला लाल कापडाची पट्टी बांधतात. पट्टी बांधली की ती वस्तू बाद. ज्याच्या हाती ती येईल त्याने तिचे तिथल्या तिथे दोन तुकडे करायचे, म्हणजे चुकूनही कोणी ती पुन्हा वापरणार नाही. लेकीने गोदीत कधी पाऊल टाकले नव्हते. तिला हे कुठून ठाऊक असणार? मी मनातल्या मनात किती ओरडलो! पण थर्मासाचे कोण ऐकतो?

कँटीनमध्ये सगळे जमले होते. साहेबांनी सोनेरी रंगाचा प्लास्टिकचा नांगर काचेच्या पेटीत घालून दिला. टाळ्या झाल्या. मग लेक पुढे आली आणि तिने मला खालच्याच्या हातात ठेवले. टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. कोणीतरी उगाच खोकले.

खालच्याने चादरीचे टोक बाजूला केले आणि माझा पोचा पाहिला. त्याचा चेहरा उतरला. निवृत्तीच्या दिवशी जुनी वस्तू, तिला लाल पट्टी, आणि देणारा स्वतः आलाही नाही. तू बाद झालास, असेच जिवलग मित्राने कळवले आहे, असे त्याला वाटले. दुसरे काय वाटणार?

"बरं," तो म्हणाला. "रीत ती रीत."

तो तडक कार्यशाळेत गेला. काय झाले ते न कळून लेकही त्याच्या मागे धावली. त्याने मला कटरच्या पात्याखाली धरले. पात्यावर आधी कापलेल्या साखळीचा चुरा होता, तो मला अजून आठवतो. भांडे कापायचे तर आधी रिकामे करावे लागते, म्हणून त्याने झाकण फिरवले. चहा मोरीत ओतायचा होता, पण हाताला बावीस वर्षांची सवय. चहा झाकणात ओतला गेला आणि झाकण ओठांना लागले.

एक घोट घेऊन तो थांबला. "साखर नाही ह्यात."

"साखरेचं काय, काका?" लेकीने विचारले.

"डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वी माझी साखर बंद केली," तो हळूच म्हणाला. "मी कोणालाच बोललो नव्हतो. लोक लगेच म्हातारा ठरवतात ना." मग त्याने विचारले, "ही पट्टी कोणी बांधली?"

"मीच. माझ्या फाटलेल्या ड्रेसची आहे. प्लास्टिकची रिबीन नको म्हणून. का काका, वाईट दिसतेय?"

"बापाने पाहिली का तुझ्या?"

"नाही. ते पहाटेच गेले."

खालच्याने मला बाकावर ठेवले. "पोरी, अगं तू आज ह्याला आणि मला, दोघांनाही बाद केलं होतंस!" त्याने तिला रीत समजावली, तेव्हा तिने तोंडावर हात घेतला आणि घाईघाईने गाठ सोडली. तिच्या डोळ्यांत पाणी आले होते. खरे सांगतो, मलाही भरून आले.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. कोणाला भेट द्याल तेव्हा खोक्यावरच्या हिरव्या पानाला भुलू नका. घरात चांगली टिकलेली वस्तू असेल तर ती दुरुस्त करून द्या आणि देताना सोबत दोन शब्दही बोला, नाहीतर माझ्यासारख्याच्या मानेवर पाते येते. घेणाऱ्यांनीही कापायच्या आधी एकदा विचारावे. आणि जुना थर्मास कोणी दिलाच, तर तो आतून नीट विसळा आणि झाकण उघडे ठेवून वाळवा. आम्हाला वास लवकर लागतो.

त्या दिवशी संध्याकाळी वरचा केबिनमधून उतरला, तेव्हा खालचा मला काखेत मारून शिडीशी उभा होता.

"तुझा थर्मास कापायला निघालो होतो आज."

वरच्याचा चेहरा पांढरा पडला. "का रे?"

"लेकीला विचार. आणि चहात साखर का नव्हती?"

वरच्याने नजर चुकवली. "घरातली संपली होती."

"संपली होती?"

"दाणा नव्हता बघ."

"तरी म्हटलं," खालचा म्हणाला, आणि उरलेला चहा त्याने झाकणात ओतून वरच्यापुढे धरला. वरच्याला गोडाशिवाय चहा जात नाही. तरी त्याने तो तोंड वाकडे न करता शेवटपर्यंत प्यायला.

आता, त्याच दिवशी पहाटे मी ओट्यावर साखरेच्या डब्याला खेटून उभा होतो. डबा काठोकाठ भरलेला होता. वरच्याचा हात डब्यापर्यंत गेला, थोडा वेळ झाकणावर राहिला आणि तसाच मागे आला. त्याला कळले होते का? कधी कळले? मी जन्मभर माणसांवर वाईटाचाच संशय घेत आलो. चांगुलपणाचा संशय मला हा पहिलाच आला आहे, आणि तो काही केल्या जात नाही.