बिबट्या नसलेलं प्राणिसंग्रहालय

निरगुडसरच्या भिमाजीच्या घरात त्या संध्याकाळी असा काही गलका चालला होता, की रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, इथं सोयरीक तरी जमतेय नाहीतर मोडतेय. प्रश्न एवढाच होता, की मे महिन्याच्या सुट्टीत कोणतं प्राणिसंग्रहालय बघायचं.

भिमाजीला मुंबईच हवी होती, कारण तिथं पेंग्विन होते. "कोट घातलेला पक्षी बघितल्याबिगर मी काय मरत न्हाई," असं त्यानं जाहीरच करून टाकलं. त्याचा मुलगा आदेश म्हैसूरवर अडून बसला होता. प्राण्यांचं त्याला काही नव्हतं, नवी गाडी लांबवर पळवायची होती. आदेशची मुलगी हर्षाली मोबाइलवर लोकांची मतं वाचून निकाल देत होती. जिथले संडास घाण, तिथला हत्ती कितीही मोठा असो, बाद!

आदेशची बायको अश्विनी कशालाच हो की नाही म्हणत नव्हती. तिचं सगळं लक्ष सासूकडे, साळुबाईकडे होतं. दिवाळीत साळुबाईच्या डोळ्यांदेखत बिबट्यानं दारातली शेळी उचलली आणि तेव्हापासून तिनं ओट्याच्या लोखंडी जाळीबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. ऊस तुटून गेला, कांदे निघाले, सख्ख्या पुतणीचं लग्न झालं. ही आपली जाळीच्या आत. बोलणंसुद्धा कामापुरतं. अश्विनीचा जीव तुटायचा. नवी नवरी म्हणून आली तेव्हा याच बाईनं तिला खुरपायला शिकवलं होतं, आणि खुरपता खुरपता पोट धरून हसायलाही. म्हणून सहलीचं खूळ खरं तर अश्विनीनंच काढलं होतं. बाकीच्यांना वाटत होतं आपणच काढलं, तर वाटू दे बापड्यांना.

"आत्या, तुमी सांगा," ती सासूला म्हणाली. "कुठं जायचं?"

"जिथं बिबट्या न्हाई, तिथं येते मी," साळुबाई म्हणाली आणि परत शेंगा फोडायला लागली.

झालं! हर्षाली मोबाइलवर तुटून पडली. मुंबई? आहे. म्हैसूर? आहेत. पुण्याचं कात्रज? आहे. हैदराबादलाही आहे.

"पेंग्विनच्या शेजारालाबी ह्योच व्हय?" भिमाजी हिरमुसला.

"आजी, सगळीकडं आहे," हर्षाली म्हणाली. "लोक मुद्दाम त्यालाच बघायला जातात. तिकीट काढून."

साळुबाईच्या हातातली शेंग हातातच राहिली. "तिकीट काढून?"

"हो."

"बिबट्या बघाया?"

"लाइन लावून!"

साळुबाईचे आधी खांदे हलायला लागले, मग पोट, आणि मग ती अशी खदखदून हसली की शेंगांचं सूप उपडं झालं. "अगं, हितं त्यो आपसूक येतो, तरी आमी नगं म्हनतो! मला बिबट्या नगा दावू. पर तिकीट काढून त्याला बघनारी मानसं मला बघायचीत. लई बघायचीत!"

मग काय, सगळा हिशोबच बदलला. जिथं गर्दी जास्त, ते प्राणिसंग्रहालय चांगलं. रविवारचं कात्रज बिनविरोध निवडून आलं. पेंग्विन पडले.

कात्रजला साळुबाई अश्विनीचा दंड दोन्ही हातांनी आवळून चालत होती. बिबट्यापाशी पोचल्यावर तिनं त्याच्याकडे सरळ पाठ केली आणि माणसं बघायला लागली. "अगं बया, टाटा करतोय त्याला! त्या बाईनं तर लिपस्टिक लावली गं फोटूसाठी!" ती खुसुखुसु हसत होती, पण नखं अजून अश्विनीच्या दंडात रुतलेली होती.

तेवढ्यात कठड्यापाशी उभी असलेली एक शहरी बाई बुटाची नाडी बांधायला खाली वाकली.

निरगुडसरच्या बाजूला, आंबेगाव-जुन्नरात, चालायला लागलेल्या पोरालाही कळतं, की बिबट्या असेल तिथं वाकायचं नाही, बसायचं नाही. खाली झालेलं माणूस त्याला शेळीएवढं दिसतं. अश्विनीच्या दंडावरची पकड सुटली.

साळुबाई धावली. थेट पिंजऱ्याकडे.

"ये बाई! वाकू नगं! उभी ऱ्हा! उभी ऱ्हा आधी!"

बाई ताडकन उभी राहिली. तिच्याबरोबर आजूबाजूची सगळी गर्दी राष्ट्रगीत लागल्यासारखी ताठ झाली. झोपलेला बिबट्यासुद्धा उठून बसला. साळुबाई त्याच्याकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून, बाईला पाठीशी घालून उभी होती.

"आजी," बाई हळूच म्हणाली, "तो आत आहे."

साळुबाईनं बिबट्याकडे बघितलं. मग स्वतःच्या पसरलेल्या हातांकडे बघितलं. "अगं आई गं!" म्हणाली आणि हसता हसता तिथंच, त्याच्या समोरच, मटकन खाली बसली. पदर तोंडात कोंबला तरी हसू मावेना. भिमाजी खांबाला धरून हसत होता. अश्विनी हसत होती आणि रडतही होती, आणि डोळे पुसायचं तिला भानही नव्हतं.

"आत्या, उठा आता," ती हात पुढे करून म्हणाली.

साळुबाईनं तोच हात धरून तिला खाली ओढलं. "बस गं तूबी," ती म्हणाली. "काय व्हत न्हाई."

अश्विनी सासूला खेटून खाली बसली.