नॉझलपायी अबोला

ती दोघं ऑफिसात एकमेकांना 'तुम्ही' म्हणायची आणि घरी 'तू'. ती कारखान्यातल्या टाक्यांचं आणि पोकळ टॉवरचं डिझाइन करायची, तिचा नवरा पाइपिंगचं. पाइप टॉवरला जिथे जोडला जातो त्या तोंडाला म्हणतात नॉझल, आणि दोघांची भांडणं बरोब्बर तिथेच जुंपायची.

या खेपेचा टॉवर चांगलाच उंच आणि शिडशिडीत होता. आतून दाब, बाहेरून वाऱ्याचा रेटा, शिवाय स्वतःचं वजन. त्यात तळाशी हे भलंमोठं नॉझल. भिंतीला भोक पाडलं की तिथली ताकद जाते, म्हणून भोकाभोवती जाड पत्र्याचं कडं वेल्ड करतात. ते पॅड. तिने नवऱ्याकडून आलेले पाइपच्या ओढीचे आकडे घातले, तर पॅड एवढं फुगलं की शेजारच्या नॉझलच्या पॅडवर जाऊन चढलं.

ती तरातरा त्याच्या टेबलापाशी गेली. "तुमचा पाइप माझा टॉवर उपटून नेणार आहे का?"

"आकडे कॉम्प्युटरने दिलेत, मॅडम," तो मान वर न करता म्हणाला. "तुमचा टॉवर नाजूक असेल तर आमचा नाइलाज आहे."

नाजूक! झालं, घरी अबोला सुरू. जेवताना ती सासूबाईंना म्हणाली, "आई, ह्याला विचारा, मीठ हवंय का."

"मला नका बाई तुमच्या पाइपात ओढू," म्हणत सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी तिने रागारागाने तेच आकडे पुन्हा चाळले आणि वजनाच्या आकड्यापाशी थबकली. पाइपचं वजन तिने स्वतः मांडून पाहिलं, आतल्या पाण्यासकट. अख्खा पाइप तिच्या नॉझलला लटकवला असता तरी एवढं भरलं नसतं!

संध्याकाळी तो चहा करत होता, तिथे तिने कागद आपटला. "हे काय आहे?"

त्याने पाहिलं, गॅस बंद केला. "दुप्पट केलेत," तो पुटपुटला. "ऐनवेळी पाइप बदलतात आणि तू नॉझलला हात लावू देत नाहीस. म्हणून आधीच वाढवून देतो."

"आणि मला पत्ता नाही!"

"आणि तू गं? सगळ्यात जोराचा वारा, पाइपची सगळ्यात वाईट ओढ, एकाच वेळी, एकाच दिशेला. वर आणखी तुझं म्हणून थोडं घातलंस की नाही? खरं सांग."

तिने थोडं कसलं, चांगलं घसघशीत घातलं होतं. मग तिलाच आधी हसू फुटलं.

जेवणाचं टेबल पुसून दोघं खरे आकडे घेऊन बसली. फुगवटा गेला, तरी एक अडचण उरलीच. पाइप तापला की भिंतीची जी बाजू ओढायचा, तीच बाजू वाऱ्यानेही ताणली जायची, आणि दाबाचा ताण तर कायमचाच.

"हे मात्र खरंच एकत्र येऊ शकतं," ती म्हणाली. "इथे मी हटणार नाही."

तो बराच वेळ कागद उलटसुलट फिरवत राहिला. "पाइप दुसऱ्या अंगाने वळवून आणतो. एक वळण वाढेल, पण ओढ त्यातच जिरेल."

"मग मी तेवढ्या पट्ट्यात भिंत जाड करते. नॉझलची मानही."

पॅड आटोपशीर झालं, शेजाऱ्यापासून सुटं. ड्रॉइंगवर दोघांच्या सह्या पाहून साहेब चपापले. "पहिल्याच फेरीत? घरी सगळं ठीक आहे ना?"

टॉवर उभा राहिला त्यानंतर एकदा चांगलं वारं सुटलं. शेंडा हलकेच डुलत होता. तिने नॉझलच्या मानेवर तळवा टेकवला. तो पाइपच्या वळणाखाली उभा राहून वर बघत होता, तोंड उघडं.

"काही होत नाही रे त्याला," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला स्वतःलाही ते पटलं.