आतून न दिसणारं कुलूप

मी एक जुना दरवान बोलतोय, मित्रांनो. पितळी कुलूप. चार आकडे दाबले की पीं पीं करून तोंड उघडणाऱ्यांपैकी मी नव्हे. त्यांना मी कुलूप म्हणतच नाही. कोणीही येऊन गुदगुल्या कराव्यात आणि त्याने खुदकन हसावं, ते खेळणं. तोंड मिटून राहणं हे कुलपाचं व्रत आहे, आणि व्रत असं कोणाच्याही बोटाने मोडत नसतं.

कामठीच्या एका कारागिराने मला घडवलं. माझ्या पोटावर कमळ आहे. त्याची एक ठरावीक पाकळी दाबली की झाकण सरकतं आणि किल्लीचं भोक दिसतं. किल्ली फिरवली तरी मी उघडत नाही. किल्ली तशीच ठेवून मला उलटं धरावं लागतं. मग पोटातली गोळी घरंगळते, किल्ली पुन्हा फिरते आणि मी सुटतो. हे गुपित तुम्हाला सांगून टाकलं म्हणून मला भीती नाही. ऐकणारे पुष्कळ असतात, हात लावून पाहणारे थोडे.

नागपूरला गोळीबार चौकाच्या मागे एका विणकराच्या घरी मी आलो. मागाच्या खोलीत रेशीम आणि जरीची तार असे, ती माझ्या भरवशावर. पाहुणे मला उघडायला बसायचे, घामाघूम व्हायचे, आणि घरधनी ओट्यावर बसून सुपारी कातरत हसायचा. पुढे माग विकला गेला. त्याच्या जागी टेबल आलं, टेबलावर संगणक आला, आणि मला घराच्या मोठ्या दाराला लावलं. दसऱ्याला हळदकुंकू मिळायचं, तेल मात्र नाही. कुंकवाने कळ सैल होत नाही, मित्रांनो. पण पूजा करणं सोपं असतं आणि निगा राखणं अवघड, म्हणून माणसं पूजा करतात.

आता या घरात त्या विणकराची सून अनुसयाबाई राहतात, त्यांचे यजमान, आणि मुलगी उन्नती. यजमान पहाटेच बुटीबोरीला कारखान्यात जातात. अनुसयाबाईंचं रोजचं मौन असतं. आंघोळ झाली की देवळात जाऊन येईपर्यंत शब्द नाही. बोलणाऱ्यांच्या या गल्लीत माझी बरोबरी करणारी तेवढी एकच बाई आहे.

उन्नती संगणकावर खेळ तयार करते. बंद खोलीत अडकायचं, कोडी सोडवायची आणि बाहेर पडायचं, असा खेळ. तिचा जोडीदार भूपेश. घरात माणसं असली की मी दाराशेजारच्या खुंटीवर असतो, म्हणून त्यांची सगळी अक्कल मला ऐकावी लागली. एक पडका महाल, एक सांगाडा, एक लाल दिवा. दाराला कुलूप, आणि कुलपाचा आकडा तसबिरीच्या मागे लिहिलेला. चोराच्या सोयीसाठी घर बांधणारे मी पहिल्यांदाच पाहिले. आणि कुलूप कुठे? दाराच्या आतल्या बाजूला. मग कोंडणारा कुलूप लावून कुठून बाहेर पडला? हा प्रश्न दोघांनाही पडला नाही. शिकलेली मुलं आहेत.

आयटी पार्कातल्या एका कंपनीने तो खेळ पाहिला. "असे आम्ही ढिगाने पाहिलेत," तिथले साहेब म्हणाले, "तुमचं असं काही असेल तर सोमवारी अकराला आणा." तो सोमवार हुकला, तर उन्नतीने पुण्याच्या नोकरीला होकार द्यायचा, असं घरात ठरलं. ती नोकरी बँकेच्या अ‍ॅपमधल्या चुका शोधायची. ते नाव निघालं की उन्नतीचा घास तोंडातच राहायचा.

मग दोघांनी डोकी लावली. सांगाड्याला फेटा बांधला. झाला खेळ आपला.

सोमवार उजाडला. उन्नतीने आईला आदल्या दिवशी सांगितलं होतं, "मी सकाळी लवकरच जाईन भूपेशकडे." पण काम करता करता ती मागाच्या खोलीत, पडद्यामागे, खालीच झोपून गेली. तिची स्कूटी भूपेशने नेलेली. अनुसयाबाईंनी दारात पाहिलं, स्कूटी नाही. म्हणजे लेक गेली. दुसऱ्या कोणी एक हाक मारली असती. यांचं मौन. त्यांनी दार ओढलं, मला लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि निघाल्या. फोन त्या देवळात नेत नाहीत. तो देवघरातच असतो.

उन्नती जागी झाली तेव्हा दहा वाजायला आले होते. तिने दार ओढलं, धक्के दिले. आईला फोन लावला, तो देवघरात वाजत राहिला. खिडकीला गज. मग तिने खिडकीतून शेजारच्या गोपिकाकाकूंना हाक मारली.

"काहून वं, आतमंधी काय करून राहिली तू?" काकू पोळ्यांचं पीठ हाताला तसंच घेऊन आल्या.

"काकू, आईनं कोंडलं मले. अकराला पोचायचं आहे. देवळातून किल्ली आणता का?"

"लोकायच्या पोरी पळून जातात, तुले कोंडून ठेवा लागते का?" म्हणत काकू गेल्या.

तेवढ्यात स्कूटी घेऊन भूपेश आला. त्याने मला हलवून पाहिलं आणि कुठून तरी हातोडी आणली.

"तोडून टाकतो. असलं भंगार कोण ठेवते बे?"

त्याने एक घाव घातला. माझ्या कमळाला पोचा पडला. त्याच्या मनगटाला झिणझिण्या आल्या. मी जागचा हललो नाही. आकडे शोधणाऱ्यांचं डोकं थकलं की हात असे चालतात.

"मारू नको," उन्नती आतून म्हणाली. "आजोबाचं आहे ते. काकू येऊन राहिल्या, थांब."

काकू किल्ली घेऊन आल्या. "तुही आई प्रदक्षिणा घालून राहिली होती. बोलते कुठं? हातानंच सांगे. आधी असं कमळाले बोट लावलं." काकूंनी एकेक पाकळी दाबली. झाकण सरकलं. किल्ली गेली, फिरली. मी मिटलेलाच.

"मंग तिनं हात असा पालथा केला. पाणी सोडते तसा. मले वाटलं, तीर्थ संपलं म्हणते."

"काकू, तीर्थाचं नका सांगू न आता," भूपेश घड्याळ पाहत म्हणाला.

"तू गप गा. हातोडीवाला."

 मग आतून उन्नती बोलू लागली, हळू, आठवत.

"आई रोज पहाटे खुंटीवरचं कुलूप उघडून ठेवते, ते मी झोपेत ऐकते. आधी टिक होते. मग खर्र. मग काहीच नाही. मग गोटी पडल्यासारखा आवाज, आणि मग खट."

"काहीच नाही म्हंजे?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे तेव्हा आई काहीतरी करते, पण त्याचा आवाज येत नाही. काकू, टिक आणि खर्र झालं तुमचं. आता गोटी पडली पाहिजे. गोटी कशानं पडंल?"

काकूंनी आपल्या पालथ्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग मला, किल्लीसकट, पाणी सोडावं तसं उलटं केलं. गोळी घरंगळली. किल्ली फिरली. मी सुटलो.

उन्नती बाहेर आली, पण धावली नाही. मला हातात घेऊन तिथेच उभी राहिली.

"भूपेश, आपला खेळ चुकीचा आहे. कुलूप बाहेर असते. आत बसलेल्याले ते दिसतच नाही. तो फक्त ऐकू शकते."

"मग उघडंल कोण?"

"बाहेरचा. त्याले दिसते, पण त्याचं मौन असते."

"आता अकराला वीसच मिनिटं राहिली."

"म्हणून तर म्हणते. लॅपटॉप राहू दे. फक्त सांगू."

तिच्या लहानपणापासून मी या घरात आहे. त्या सकाळी तिने मला पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळी तिने आईला सगळं सांगितलं. साहेबांनी सांगाडा पाहायला मागितलाच नाही. दोघांनी मिळून खेळायचा खेळ, एक आतला, एक बाहेरचा. कंपनीने तो करायला दिला. पुण्याला नकार गेला. भूपेश म्हणे परतताना विचारत होता, सांगाडा एका कोपऱ्यात ठेवायचा का. असो.

खेळात आता माझं चित्र आहे. त्यात मला नव्या नवरीसारखं चकचकीत केलं आहे, आणि पोचा मात्र तेवढ्या प्रेमाने काढला आहे, जणू हातोडीचा घाव म्हणजे माझी पदवी. माणसांची नजर ही अशी. त्या चित्राला रोज रंग मिळतो. मी खुंटीवर आहे, मला अजून तेल मिळालेलं नाही. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी असेल, तर कुंकू पुढच्या दसऱ्याला लावा, थेंबभर तेल आज घाला.

अनुसयाबाईंनी मौन सोडलेलं नाही. सोडूही नये. पण आता मला लावण्याआधी त्या दाराची कडी वाजवतात आणि तशाच उभ्या राहतात, आतून कोणी ओ देतं का ते ऐकत. त्या थांबण्याला आवाज नसतो. उन्नती सांगत होती, खेळातही असंच एक बिनआवाजाचं थांबणं आहे, आणि खेळणारे सगळे नेमके तिथेच अडकतात.